थान्याची पायरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एका हरवलेल्या मुलीचे छायाचित्र आले. शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या घातलेली, बारा-तेरा वर्षांची मुलगी, खाली जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याची हिंदीतली विनंती आणि एक मोबाइल क्रमांक. तारीख नव्हती, गावाचे नाव नव्हते, कोणत्या पोलीस थान्यात नोंद झाली आहे तेही नव्हते. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर माझ्याकडे आणखी तीन गटांतून आला, तेव्हा न राहवून मी त्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून मुलीचे वडील बोलत होते. मुलगी दीड वर्षापूर्वीच, हरवल्यापासून पाचव्या दिवशी, सुखरूप सापडली होती. आता ती नववीत आहे आणि तिच्या वडिलांना अजूनही दिवसाआड असे फोन येतात. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण कंटाळून गेलेल्या माणसाचा सूर होता.

बोलता बोलता त्यांनी त्या पहिल्या दोन दिवसांची हकिकत सांगितली. पहिला संपूर्ण दिवस नातेवाइकांकडे आडून आडून चौकशी करण्यात गेला, रात्री एका ज्योतिषाला विचारून झाले, आणि थान्यात ते गेले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेही शेजारच्या एका निवृत्त हवालदारांनी हाताला धरून नेले म्हणून. मी चौतीस वर्षे इंदूरमधील एका शाळेत गणित शिकवले आणि त्या काळात अशी पाच-सहा घरे तरी जवळून पाहिली. सगळीकडे क्रम जवळजवळ हाच होता. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्या म्हणीतल्या कोर्टाशेजारी थानाही कधी येऊन बसला ते आपल्याला कळलेले नाही. (आम्ही इंदूरकर मराठी माणसे पोलीस ठाण्याला थानाच म्हणतो, त्याबद्दल पुण्या-मुंबईच्या वाचकांनी क्षमा करावी.) जमिनीच्या भांडणात ती म्हण खरी असेलही. मूल दिसेनासे झाले असेल तर मात्र ती पायरी सर्वांत आधी चढावी लागते, आणि शोध संपण्याची वाट न पाहता, शोध चालू असतानाच चढावी लागते, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

चोवीस तास उलटल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही इतकी पक्की आहे की, ती कुठून आली हे शोधून काढण्यासारखे आहे. आपल्या कोणत्याही कायद्यात असे चोवीस तास लिहिलेले नाहीत. उलट, बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेला आदेश असा आहे की, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, म्हणून नोंदवली जावी, तपास तत्काळ सुरू व्हावा आणि अन्यथा सिद्ध होत नाही तोवर मुलाचे अपहरण झाले आहे किंवा ते मानवी तस्करीत सापडले आहे असेच गृहीत धरावे. (ही संस्था स्थापन करणारे कैलाश सत्यार्थी हे आमच्याच मध्य प्रदेशातील विदिशाचे, हे जाता जाता.) त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. तो खटलाही अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार थान्यात वेळेवर नोंदवली गेली नाही म्हणून तिच्या बापाने न्यायालयाचे दार ठोठावल्यामुळे उभा राहिला होता. थान्यातून परत पाठवल्या गेलेल्या एका बापामुळे देशभरातील आई-बापांना हा हक्क स्पष्ट शब्दांत मिळाला आहे. तो आपण वापरत नाही, ही गोष्ट वेगळी.

थान्यात गेल्यावर काय मागायचे, हेही ठाऊक असावे लागते. आमच्याकडे 'गुमशुदगी', म्हणजे माणूस हरवल्याची नुसती नोंद, होते आणि ती झाली की घरच्यांना वाटते काम झाले. प्रौढ माणसासाठी ती ठीक असेल. अठरा वर्षांखालील मुलासाठी एफआयआरच मागावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला किंवा मुलीला पालकांच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावणे हा अपहरणाचा गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत मुलग्यांसाठी ही मर्यादा सोळाच होती, ती आता दोघांना सारखी झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे घटना कुठेही घडलेली असो, खबर कोणत्याही थान्यात देता येते, आणि ती प्रत ज्या थान्याची हद्द असेल तिकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे. उज्जैनला महाकालाच्या गर्दीत मूल हातातून सुटले असेल तर इंदूरला परत येऊन तक्रार देण्याची गरज नाही, आणि इंदूरच्या थान्यानेही 'उज्जैनला जा' म्हणून हात वर करता कामा नयेत. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमाने पाठवली तरी चालते, मात्र मग तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय थान्यातून उठू नये. तेथे बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेला एक अधिकारी असतो, किमान सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाचा. त्याचे नाव आणि फोन लिहून घ्यावा.

टीआय साहेब (थान्याचे प्रमुख) नाहीत, उद्या या, असे उत्तर मिळाले तर वाद घालत बसू नये. कायद्यात पोलीस अधीक्षकांकडे लेखी खबर पाठवण्याची आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची सोय आहे. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय असल्याने येथे पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ क्रमांकावरही तक्रार नोंदवून ठेवावी. अखेरचा उपाय म्हणजे उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याच्या मागणीची याचिका, आणि तिच्यासाठी आमच्या सुदैवाने खंडपीठ शहरातच आहे.

आता माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही सगळे झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, पाहायला गेलो होतो. कापड गिरण्या बंद पडून कित्येक वर्षे झाली तरी त्यांच्या नावाच्या झांक्या अजून निघतात, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना त्या दाखवल्याशिवाय इंदूरच्या माणसाला चैन पडत नाही. मुलगी आणि नातू वडोदऱ्याहून आले होते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी गर्दीचा एक लोंढा आला आणि सहा वर्षांचा नातू माझ्या हातातून सुटला. आम्ही पाच मोठी माणसे पावणेदोन तास स्वतःच शोधत राहिलो. जावई राजवाड्याकडे धावले, मुलगी जेल रोडकडे, आणि मी आपली एका जागी उभी राहून त्याचे शाळेतले पूर्ण नाव ओरडत होते. या सगळ्या वेळात स्वागत मंचावरच्या ध्वनिक्षेपकावरून दोनदा पुकारा झाला होता, 'सोनिया, उम्र छह साल, नीले कपड़े'. तो आम्ही कानांनी ऐकला आणि सोडून दिला, कारण आम्हाला मुलगी नव्हे, मुलगा हवा होता. शेवटी जावयांनी रस्त्याच्या कडेच्या पोलीस मदत केंद्रात चौकशी केली, तर नातू तेथे एका महिला शिपायाच्या खुर्चीवर बसून बिस्किटे खात होता. नाव विचारल्यावर त्याने घरचे नाव सांगितले होते, सोन्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याने त्याचे 'सोनिया' केले आणि मंचावर मूल डोळ्यांनी न पाहता ती चिठ्ठी वाचली गेली. पत्ता विचारल्यावर 'आजीकडे' एवढेच तो सांगत राहिला, आणि घाबरल्यावर हिंदी विसरून मराठीतच बोलू लागला, तेव्हा त्या बिचारीला काय कळणार! पहिल्या पाच मिनिटांत आमच्यातला एक जण जरी मदत केंद्राकडे वळला असता तर पावणेदोन तास वाचले असते. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे की, मुलाला आपले पूर्ण नाव, आई-वडिलांची पूर्ण नावे आणि एक मोबाइल क्रमांक पाढ्यासारखा पाठ हवा, आणि गर्दीत जाण्यापूर्वी घराच्या दारातच त्याचे एक छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवायचे, म्हणजे अंगावर काय कपडे होते यावरून आई आणि आजी यांच्यात वाद होत नाही. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. जी मंडळी मुलांना घेऊन जाणार असतील त्यांनी खिशात नाव-क्रमांकाची चिठ्ठीही घालावी.

मूल घरातूनच नाहीसे झाले असेल तर एकाने ११२ वर फोन करावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने घर पिंजून काढावे. ही दोन कामे एकामागून एक करायची नसतात. लहान मुले पलंगाखाली, कपाटात, दिवाणाच्या पेटीत, गच्चीवरच्या टाकीमागे, उभ्या गाडीत झोपी जातात. जुन्या वाड्यांत तर अडगळीच्या खोल्याच इतक्या असतात की, मूल हाकेच्या अंतरावर असून सापडत नाही. पाण्याच्या जागा सर्वांत आधी पाहाव्यात, म्हणजे हौद, जमिनीखालची टाकी, उघडी विहीर. आमच्या शहरात किती जुन्या बावड्यांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, फरश्या टाकून लोक निश्चिंत राहतात, ते ३० मार्च २०२३ च्या रामनवमीला बेलेश्वर महादेव मंदिरातल्या दुर्घटनेने सर्वांना दाखवलेच आहे. मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असेल किंवा त्याला बोलता येत नसेल तर ही घाई दुप्पट करावी, कारण अशी मुले पुष्कळदा पाण्याकडे ओढली जातात आणि हाक मारल्यावर ओ देत नाहीत. ही गोष्ट पोलिसांना पहिल्याच वाक्यात सांगावी.

मुलाच्या खोलीला हात लावू नये. आपल्याकडे अशा वेळी घरातली एखादी कर्ती बाई खोली आवरायला घेते, न धुतलेले कपडे यंत्रात टाकते, आणि पोलिसांचे श्वान आले की वास द्यायला काही उरत नाही. वह्या, कागदाचे कपटे, संगणक, खेळाची खाती, सगळे जसेच्या तसे राहू द्यावे. मुलाजवळ मोबाइल असेल तर तो कितीही राग आला तरी बंद करवून घेऊ नये. ते सिम चालू असणे हाच पोलिसांच्या हातातला धागा असतो. वीस नातेवाइकांनी एकाच वेळी त्यावर फोन करत राहिल्यास बॅटरीही संपते आणि घाबरलेले मूल फोनही बंद करते. आईने किंवा ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे अशा एकाच माणसाने फोन करावा, आणि 'रागावणार नाही, कुठे आहेस एवढेच सांग' असा एक निरोप लिहून पाठवावा. एक जण घरी दाराशी बसलेलाच हवा, कारण मूल आपणहून परत येते तेव्हा दाराला कुलूप पाहून पुन्हा निघून गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून मूल ज्या रस्त्याने गेले असावे त्या रस्त्यावरच्या दुकानदारांना त्याच दिवशी जाऊन ते जपून ठेवायला सांगावे आणि त्यांची यादी तपास अधिकाऱ्याच्या हाती द्यावी.

छायाचित्राविषयी एक. पालक थान्यात मावशीच्या लग्नातले शेरवानीतले किंवा नाकावर गॉगल चढवलेले छायाचित्र घेऊन जातात. गेल्या दोन-तीन महिन्यांतले, समोरून काढलेले, रोजच्या कपड्यांतले हवे. सोबत उंची, चपलांचा रंग, चष्मा, एखादी जन्मखूण, दातांची ठेवण, कोणती भाषा बोलते, कोणते औषध चालू आहे, हे लिहून न्यावे. अंगावरची एक खूण मात्र फक्त पोलिसांना सांगून बाकी सर्वांपासून राखून ठेवावी. कारण मूल हरवल्याची बातमी पसरली की 'तुमचे मूल माझ्याजवळ आहे, गाडीभाड्याचे पैसे पाठवा' असे फोन करणारी माणसे याच जगात आहेत, आणि ती राखलेली खूण विचारली की त्यांची बोलती बंद होते. पैसे पाठवू नयेत, तो क्रमांक तपास अधिकाऱ्याला द्यावा.

यापुढचे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, पण ते टाळले तर पत्र लिहिण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत हरवलेल्या मुलांच्या संख्येत मध्य प्रदेश वर्षानुवर्षे पहिल्या काही राज्यांत असतो, आणि या मुलांत मुली मुलग्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. हरवणारे मूल म्हणजे जत्रेत चुकलेले चार वर्षांचे पोर, हे आपल्या मनातले चित्र म्हणूनच अपुरे आहे. माझ्या वर्गातली दहावीची एक मुलगी एका सोमवारी शाळेत आली नाही. घरी विचारले तर देवासला मामाकडे गेली आहे असे सांगण्यात आले. बुधवारी तिच्या आईने शाळेच्या आवारात माझा हात धरून रडत खरे सांगितले की, ती शनिवारपासून नाही, आणि ओळखीच्या एका तरुणाबरोबर गेली असावी. पाच दिवस केवळ 'नाव खराब होईल' म्हणून गेले होते. मी त्यांना घेऊन थान्यात गेले तेव्हा तेथल्या मुन्शींनी, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या कारकुनांनी, वही न उघडता 'भाग गई होगी, दो-चार दिन में आ जाएगी' असे सांगितले. आम्ही तासभर बाकावर बसून राहिलो म्हणूनच नोंद झाली. मुलगी पुढच्या आठवड्यात गुजरातेतील एका शहरात सापडली. नोकरीचे आमिष दाखवून तिला नेले होते. तिच्या आईने समजून घेतला होता तसला प्रकार नव्हताच. आणि असता तरी काय फरक पडत होता? पंधरा वर्षांच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. ती कोणाबरोबर गेली यापेक्षा ती कुठे आहे आणि कशी आहे हा प्रश्न मोठा असतो, हे बापाला रात्री दोन वाजता कळते. दिवसा मात्र बैठकीत पाहुणे बसलेले असतात.

घरातल्या भांडणानंतर, निकालाच्या दिवशी किंवा मोबाइल काढून घेतल्यावर निघून गेलेली मुले बहुधा रेल्वे स्थानकाकडे किंवा बस स्थानकाकडे वळतात. आमच्याकडे त्याचा अर्थ इंदूर जंक्शन, सरवटे आणि गंगवाल असा होतो. म्हणून थान्याबरोबरच रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर कळवावे आणि स्थानकावरच्या रेल्वे पोलिसांना छायाचित्र द्यावे; गाडी सुटली असेल तर पुढच्या स्थानकांना कळवता येते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेत आणून ११२ शी जोडली गेली आहे. क्रमांक तोच आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि पैसे पडत नाहीत. दुसऱ्याचे हरवलेले मूल आपल्याला सापडले तर त्याला घरी नेऊन जेवू घालणे ही माणुसकी झाली, पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत थाना, १०९८ किंवा बाल कल्याण समिती यांपैकी कुणाला तरी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चोवीस तासांची मर्यादा कायद्यात आहे ती ही, आणि ती आपल्याला घातलेली आहे.

मूल परगावी सापडले तर ते तेथील बाल कल्याण समितीपुढे हजर केले जाते आणि ताबा देताना कागदपत्रे पाहिली जातात. एफआयआरची प्रत, जन्मदाखला, शाळेचे ओळखपत्र, आधार आणि मुलाबरोबरची जुनी छायाचित्रे घेऊन जावे. त्या वेळी समितीच्या प्रश्नांचा राग येतो, पण उद्या दुसरेच कुणी 'हे आमचे मूल' म्हणून पुढे आले तर हेच प्रश्न आपल्या कामी येणार असतात. आधारवरून आठवले. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात, ते पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात, आणि ते काम आपण सगळेच लांबणीवर टाकतो. २०२१ साली नागपुरात वाढलेल्या, नीट बोलता न येणाऱ्या एका मुलाचे आधार काढायला गेल्यावर त्याचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि त्यावरून तो सुमारे दहा वर्षांपूर्वी जबलपूरहून हरवलेला असल्याचे उघड झाले. तपास चार महिन्यांत लागला नाही तर प्रकरण मानवी तस्करी विरोधी पथकाकडे द्यावे, असा २०१३ च्या आदेशानंतरचा दंडक आहे. तेवढे दिवस झाल्यावर पालकांनी स्वतःहून त्याची आठवण करून द्यावी.

समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकूच नये असे माझे म्हणणे नाही. ते तपास अधिकाऱ्याला विचारून टाकावे, त्यावर तारीख, थान्याचे नाव आणि थान्याचा फोन असावा, आणि मजकुरात कुणावर संशयाचा शब्दही नसावा. आमच्या शहरातून जाणाऱ्या आग्रा रोडवरच पुढे धुळे लागते. त्या जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या निव्वळ अफवेवरून भिक्षा मागण्यासाठी आलेल्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपला भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घालावी लागली. त्या पाच जणांनी कुणाचेही मूल नेलेले नव्हते.

मूल परत आल्यावर पहिल्या तासात त्याला मारू नये, आणि 'का गेलास' हेही विचारू नये. जेवण, झोप आणि डॉक्टर, एवढेच. मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री थान्यात थांबवून ठेवता येत नाही. पालकांना हे माहीत असले की मागता येते.

शेवटी आपणांस एक विनंती. हरवलेल्या मुलांच्या जाहिराती आपल्या दैनिकात येतात, त्यांत तारीख आणि थान्याचे नाव नसेल तर ती जाहिरात घेऊ नये, आणि मूल सापडल्याचे कळल्यावर आपल्या संकेतस्थळावरील त्याचे छायाचित्र आणि नाव काढून टाकावे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे हे आपण जाणताच, मी नव्याने सांगायला नको. ज्या वडिलांशी मी बोलले त्यांनी फोन ठेवण्यापूर्वी मला विचारले की, बाई, हे चित्र लोकांच्या मोबाइलमधून आता परत कसे घ्यायचे. मुलीच्या वर्गातल्या मुलांनाही ते मागच्या महिन्यात पोहोचले आहे, म्हणाले. मला त्यांना उत्तर देता आले नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला ते ठाऊक असेल तर त्यांनी या सदरातून कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर